एकसष्टीची पंगत

डाळजच्या मोहनरावांना कुणी निवृत्त केलं नाही, एका डबीनं घरी बसवलं. त्यांच्या मुलानं, सुयोगनं, मोटारीच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवला. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलणारी जी मोटार मोहनरावांनी पस्तीस वर्षं स्वतःच्या हातानं चालू-बंद केली, ती आता बारामतीत चहा पीत बसलेल्या सुयोगच्या अंगठ्यानं चालू व्हायला लागली. वीज कधी येते, फ्यूज कुठला उडतो, पेटीत पाल कुठल्या कोपऱ्यात बसते, हे सगळं ज्ञान एका दिवसात बिनकामाचं झालं. 'मी हाय म्हणून पाणी हाय,' असं मोहनराव पाहुण्यारावळ्यांत सांगायचे. आता मोटार चालू झाली की फोनवर एक बाई तसं कळवायची, आणि तेही सुयोगला.

राहिलं शेत. शेतात शेडनेट होतं आणि शेडनेटमध्ये ढोबळी मिरची. तिथं मोहनरावांना मज्जाव होता. तंबाखूच्या हातानं मिरचीला रोग लागतो, असं सुयोग कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आला होता आणि मोहनरावांचा हात तंबाखूशिवाय कधी नसायचा. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस आपल्याच पिकाला साथीचा रोग ठरला.

"तात्या, तुमी आता आराम करा," सुयोग म्हणायचा.

आराम ही फार अवघड गोष्ट आहे. ज्याला ती येते त्याला लहानपणापासून येते, उतारवयात शिकून येत नाही. मोहनराव नळाचे वायसर तपासत फिरू लागले. गेटाच्या बिजागऱ्यांना दिवसातून दोनदा तेल घालू लागले. आणि एके दिवशी चुलीपुढं उभं राहून त्यांनी प्रयागबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, भाकरी कशी थापावी ते सांगितलं. प्रयागबाई साठीला टेकल्या होत्या. दोन गाई, परडं आणि चार माणसांचा स्वयंपाक त्यांच्या अंगावर होता. आराम करा, असं त्यांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं, त्यामुळे आयुष्याचा अर्थ काय हा प्रश्न त्यांना पडायला सवडच नव्हती. त्यांनी हातातला गोळा परातीत ठेवला आणि सुनेला हाक मारली.

"वृषाली, ह्यांना कुठंतरी घाल बाई. शाळंत घाल, दवाखान्यात घाल, पर दुपारच्याला घरातनं काढ."

वृषाली बारामतीत एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात होती. तिच्या मोबाईलवर दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी आयुष्य बदलून द्यायला तयार असायचं. त्यातलं एक तिनं निवडलं. 'साठीनंतरचं नवं जगणं', एक दिवसाचं शिबिर, जेवणासहित. मोहनरावांनी जेवणात काय आहे ते विचारून घेतलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते गेले.

शिबिर घेणारे सर पस्तीसेक वर्षांचे होते. साठी त्यांनी अजून लांबूनही पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. गालाशी माइक चिकटवून ते हॉलभर फिरत होते. दुपारी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

"कल्पना करा, तुम्ही आता या जगात नाही. चार माणसं उठून तुमच्याबद्दल बोलतायत. काय बोलावं त्यांनी, असं तुम्हाला वाटतं? कागदावर लिहा. तोच तुमच्या उरलेल्या आयुष्याचा उद्देश."

हॉल गलबलला. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर मुसमुसायला लागले. मोहनराव मात्र शांत होते. मेल्यावर चार माणसं उठून बोलतात, यात त्यांना कल्पना करण्यासारखं काही वाटेना. ते आठवड्याला दोन दहावे गाठत होते. घाटावर मांडव, मांडवात माइक, आणि माइकपुढं आजी, माजी आणि होऊ घातलेले सदस्य ओळीनं. गेलेला माणूस कुणीही असो, भाषण एकच. मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना बरोबर घेऊन जाणारं व्यक्तिमत्त्व आपल्यातून हरपलं. नाव तेवढं हातातल्या चिठ्ठीत बघायचं. एकदा तर चिठ्ठी बदलली आणि एका बोलक्या सासूला 'मितभाषी आणि पहिलवान' अशी श्रद्धांजली मिळाली. सुनांनी पदर तोंडात कोंबले होते.

आणि तिथं, एसीत बसल्या बसल्या, मोहनरावांच्या लक्षात आलं. आपल्याही वेळी हेच होणार. साठ वर्षं जगून आपल्याबद्दल खरं असं एक वाक्य कुणाला बोलता येणार नाही. चिठ्ठीवरचं नाव आणि मनमिळाऊ. त्यांना खरोखर भीती वाटली, मरणाची नाही, त्या चिठ्ठीची.

"सर, आमच्याकडं असं बोलत्यात," ते उठून म्हणाले. "पर खोटं बोलत्यात."

"मग तुम्ही खरं घडवा!" सर म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

मोहनरावांनी याचा सरळ व्यवहारी अर्थ लावला. आपल्याकडं आहेर कसा चालतो? आपण दुसऱ्याच्या लग्नात केला तर आपल्या लग्नात येतो. दहाव्याचंही तेच असणार. आपण दुसऱ्याच्या दहाव्याला खरं बोलायचं, म्हणजे आपल्याला कुणीतरी खरं बोलेल. कागद कोरा ठेवून, जेवणातली जिलबी रुमालात बांधून ते घरी आले. जगण्याचा उद्देश सापडला होता.

संध्याकाळी हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर त्यांनी तो श्रीपतीला सांगितला. श्रीपती हा त्यांचा बिगरीपासूनचा मित्र. अडतीस वर्षं पोस्टमन. अख्ख्या पंचक्रोशीची पत्रं त्यानं वाटली होती आणि निम्मी वाचूनही दाखवली होती. बौद्ध वस्तीतलं त्याचं घर आता दुमजली होतं, मुलगी ज्योत्स्ना बारामतीत बँकेत अधिकारी होती. पण श्रीपतीच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस, पाणीसुद्धा मापानं. टपरीवर तो चहा घ्यायचा नाही, नुसता वास घेत बसायचा.

"म्हंजे जगायचं कारण तुला मरणात घावलं म्हण की," श्रीपती म्हणाला. "चांगलंय. त्या धंद्याला मंदी न्हाय."

पहिला मान गावातल्याच ऊसवाल्या गेणबाला मिळाला. गेणबाच्या दहाव्याला पिंड ठेवून तासभर झाला तरी कावळा शिवेना. थंडीचे दिवस, फुगवट्याच्या पाण्यात हजारो परदेशी पक्षी गुलाबी पंख पसरून उभे, त्यांचे फोटो काढायला पुण्याहून गाड्या आलेल्या, आणि इकडं गेणबाला एक साधा देशी कावळा मिळेना. सदस्य बोलून संपले. पोरं घड्याळं बघायला लागली. तेव्हा मोहनराव माइकपुढं गेले.

"गेणबा मनमिळाऊ नव्हता," त्यांनी सुरुवात केली. "गेणबा लई खोटं बोलायचा. माझा ऊस एकरी सत्तर टन निघाला की ह्याचा एकाहत्तर. शेजाऱ्याचा ऐंशी, तर ह्याचा एक्याऐंशी. आयुष्यभर एकच टन जास्त. पर माझा ऊस जळला त्या साली मी विचारलं, गेणबा, किती निघाला? तर म्हणला, न्हाय रं, औंदा माझाबी गेलाच. त्याचा नव्वद निघाला व्हता. कारखान्यावर मी पावती बघितली व्हती."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, मुंडण केलेला गेणबाचा लेकही हसला आणि हसता हसता रडायला लागला. आणि त्याच क्षणी, कुठून आला कुणास ठाऊक, कावळा पिंडावर उतरला.

झालं. मोहनराव बोलले की कावळा शिवतो, ही बातमी भिगवणपासून इंदापूरपर्यंत पसरली. दहाव्याच्या पत्रिकेत तुमचं नाव टाकलं तर चालेल का, असे फोन यायला लागले. कावळ्यांनीही त्यांचा शब्द फारसा खाली पडू दिला नाही. मोहनरावांनी दोन नवे पांढरे शर्ट शिवले. पूर्वतयारी असावी म्हणून दोनशे पानांची वही घेतली. त्यांच्या मनात आलं, माणूस गेल्यावर माहिती गोळा करण्यापेक्षा असतानाच केलेली काय वाईट? एकेका म्हाताऱ्याच्या नावानं एकेक पान पाडलं. शेवटच्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली जागा सोडली. मग मोपेड काढून ते गावोगावच्या ओट्यांवर जाऊन बसू लागले. अडलं तर श्रीपतीला विचारायचे. कुठल्या घरात कधी तार आली आणि कुणी ती वाचून काय केलं, हे त्याला तोंडपाठ होतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मोहनराव सावळारामांकडं गेले. सावळाराम शहाऐंशी वर्षांचे, दमेकरी. दोन तास बोलले, मोहनरावांनी अडीच पानं लिहिली. चौथ्या दिवशी सावळाराम गेले. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस राहिले हेच नवल. पण डॉक्टरांचं कोण ऐकतं? आठवड्याभरात मोहनरावांची वही म्हणजे यमाचं रजिस्टर झालं. मोपेडचा आवाज आला की सुना दार लावून घ्यायच्या. म्हाताऱ्यांनी तर कमालच केली. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले एक आबा उठून ओट्यावर दाढी करत बसलेले दिसले. एक आजी खुरपं घेऊन वावरात गेल्या आणि 'अजून लई दम हाय म्हणावं त्याला' असा निरोप धाडला. तालुक्यातल्या कुठल्या औषधानं जमलं नव्हतं ते मोहनरावांच्या मोपेडनं करून दाखवलं. त्याचं श्रेय मात्र त्यांना कुणी दिलं नाही.

शेवटी युवराज नावाच्या एका शेतकऱ्यानं मिरचीच्या लिलावात, चार लोकांसमोर, सुयोगला धरलं. "तुझ्या बापाला आवर. माझ्या बापानं त्याच्या धसक्यानं जेवण सोडलंय."

सुयोग घरी येऊन बोलला, वाईट बोलला नाही, पण बोलला. मोहनरावांनी वही गव्हाच्या कणगीमागं टाकली. पुन्हा बिजागऱ्यांना तेल सुरू झालं.

अशात एका मंगळवारी ज्योत्स्नाचा फोन आला. "मोहनकाका, आज बँकेत तपासणी आहे. आप्पांबरोबर डायलिसिसला तुम्ही जाल का?"

मोहनरावांना आनंद झाला, आणि तो झाला म्हणून थोडी लाजही वाटली. निघताना श्रीपती म्हणाला, "वही घे बरोबर."

दवाखान्यात चार तास मशीन चालतं. श्रीपती आडवा, हातातून लाल नळ्या गेलेल्या, उशाशी मोहनराव.

"माझं पान असंलच की. वाच."

"आरं, लोक म्हणत्यात..."

"माझं रक्त त्या मशीनीत फिरतंय. तुझ्या वहीला मी काय भितो? वाच."

मोहनरावांनी चष्मा लावला. श्रीपतीचं पान त्यांनी सगळ्यात मन लावून लिहिलं होतं. वाईट बातमीचं पत्र असलं की श्रीपती आधी दारातून विचारायचा, जेवलात का? नाही म्हटलं की म्हणायचा, जेवून घ्या, मी वरच्या आळीला जाऊन येतो. जेवण झाल्यावर परत येऊन पत्र द्यायचा. एकदा एका घरचं जेवण उरकेपर्यंत तो तीनदा वरच्या आळीला जाऊन आला होता. भरल्या पोटी माणूस दुःख झेलतो, असं त्याचं म्हणणं.

श्रीपतीनं छताकडं बघत सगळं ऐकून घेतलं.

"ब्येस लिवलंस. समदं खरं हाय," तो म्हणाला. "पर कावळा शिवणार न्हाय."

"तुमच्यात कुठं असतो कावळा?"

"न्हाय ना. म्हणून तर मला जित्तेपणी तपासावं लागतंय. मोहन, ह्यात तू कुठं हायस?"

"मी? मी तुझा मित्र."

"व्हय. मित्रा, मी दुसऱ्यांना जेवू घातलं ते लिवलंस. तुझ्या लग्नात मी जेवलो व्हतो का रं?"

मशीन आपलं चालत राहिलं. मोहनरावांनी वही मिटली. परतीच्या वाटेवर दोघं उसाच्या भावाबद्दल बोलले.

घरात सोप्यातल्या भिंतीवर एक घड्याळ होतं. खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: 'चि. मोहन यांस, श्रीपती पोस्टमन यांजकडून सप्रेम भेट'. नोकरीच्या पहिल्या पगारातून लग्नात दिलेलं. मोहनराव एकोणचाळीस वर्षं त्यात वेळ बघत होते, अक्षरांकडं बघायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्या संध्याकाळी ते घड्याळाखाली उभे राहिले. प्रयागबाई दुधाची चरवी घेऊन आत आल्या.

"आपल्या लग्नात श्रीपती जेवला न्हाय, ते तुला ठावं हाय?"

"मला ठावं हाय," प्रयागबाई म्हणाल्या. चरवी खाली ठेवली. "पहिल्या पंगतीत भावजी पुरुष माणसांत बसले व्हते. पान वाढलं व्हतं. तुमचं धाकलं चुलतं आलं, दंडाला धरून उठवलं. म्हणलं, तुमची पंगत गोठ्याकडं हाय. भावजींनी तुमच्याकडं बघितलं. तुमी ताटात बघितलं."

"तू बघितलंस?"

"मुंडावळ्या डोळ्यावर व्हत्या, डोळं न्हवतं मिटलं. भावजी गोठ्याकडं न्हाय गेलं, सरळ घरी गेलं. दुसऱ्या दिवशी टपाल घिऊन आलं तर म्हणलं, वहिनी, घड्याळाला आठवड्यानं चावी द्या. तवापासनं मी देती."

इतकं बोलून त्या दूध तापवायला गेल्या. मोहनराव घड्याळाखाली उभेच राहिले. गेणबाच्या एका टनाचा खोटेपणा ज्यांनी माइकवरून सांगितला, त्यांनी स्वतःचं एवढं एक वाक्य एकोणचाळीस वर्षं झाकून ठेवलं होतं, आणि ज्यांच्यापासून झाकलं त्या दोघांनाही ते पाठ होतं.

शुक्रवारी ते मुद्दाम पुन्हा बारामतीला गेले. मशीन सुरू झाल्यावर म्हणाले, "श्रीपती, तुझ्या वेळंला मी समद्या गावापुढं ते सांगीन. शब्द देतो."

"माझ्या वेळंला? म्हंजे मी मेल्यावर?" श्रीपतीला हसू आवरेना, नर्स बघायला लागली. "आन मग मला कसं ऐकू यायचं, येड्या?"

मोहनरावांचा सगळा हातखंडा मेलेल्यांवरचा होता.

उत्तर वृषालीकडून आलं, अर्थात तिला न कळत. सासऱ्यांचं मन रमावं म्हणून तिनं आणि सुयोगनं त्यांची एकसष्टी करायचं ठरवलं. मांडव, सत्कार, जेवण. मोहनरावांनी नको नको म्हटलं नाही. एकच अट घातली.

"पंगत पाहिजे. बुफे न्हाय."

"तात्या, आता कुणी खाली बसत नाही," वृषाली म्हणाली. "गुडघे असतात लोकांचे."

"गुडघं दुखणाऱ्याला खुर्ची द्या. पर पंगत. बुफेत कुणी कुणाला उठवत न्हाय, कारण कुणी बसतच न्हाय."

वृषालीला काही कळलं नाही, पण म्हातारपणी माणसं कशाकशाला अडून बसतात, असं समजून तिनं आचाऱ्याला पंगत सांगितली.

एकसष्टीला दारात मोठा फ्लेक्स लागला. मोहनराव हात जोडून उभे, मागं उगवता सूर्य, खाली लिहिलेलं: 'सर्वांना बरोबर घेऊन जाणारं व्यक्तिमत्त्व'. दहाव्याची सगळी सदस्यमंडळी आली होती. एक माजी सदस्य बोलता बोलता सवयीनं म्हणून गेले, "असं मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून..." आणि समोर मोहनराव फेटा बांधून बसलेले बघून त्यांनी घाईघाईनं "आपल्यात आहे" असं केलं. पहिल्या रांगेत श्रीपती, शेजारी ज्योत्स्ना. श्रीपती पोट धरून हसत होता.

मोहनराव माइकपुढं आले. पंधरा दहावे ज्यांनी गाजवले त्यांनी आज बंडीच्या खिशातून लिहून आणलेला कागद काढला.

"त्या फ्लेक्सवर लिवलंय ते खोटं हाय," ते म्हणाले. "मी सर्वांना बरोबर घिऊन गेलो न्हाय. हितं पहिल्या लायनीत माझा मित्र बसलाय. ह्याच दारात माझं लगीन झालं. ह्याला पानावरनं उठवला, तो हलक्या जातीचा म्हणून. कुणी उठवला त्याचं नाव घेत न्हाय, ते गेलं. त्यांनी उठवला, पर बघत बसलो मी. मी नवरदेव व्हतो. नवरदेवाचा शब्द त्या दिवशी कुणी मोडत न्हाय. मला नुसतं म्हणायचं व्हतं, 'हितंच बसू द्या.' तीन शब्द. माझ्या तोंडातनं निघालं न्हाईत. मी ताटात बघितलं. माझ्या दहाव्याला कोण काय बोलंल ते बोलंल. पर हे कुणी बोललं न्हाय तर ते भाषण खोटं."

त्यांनी श्रीपतीकडं बघून हात जोडले आणि आणखी काही सुचेना म्हणून खाली बसले.

निवेदकाला काय करावं कळेना. "अतिशय हृदयस्पर्शी," तो म्हणाला, "आता सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा." भावकीतले चार-पाच जण जोड्यात पाय घालून गाडीकडं गेले. "चांगल्या दिवशी कशाला उकरायचं हे," असं त्यातला एक मोठ्यानं म्हणाला. सुयोगचा चेहरा उतरला होता. वृषाली मात्र सासऱ्यांकडं अशी बघत होती, की शिबिराला पाठवल्याचा पश्चात्ताप करावा की अभिमान धरावा हे तिचं तिलाच ठरेना.

पहिली पंगत बसली. मोहनरावांनी श्रीपतीला हाताला धरून मधोमध आपल्या शेजारी बसवलं. पत्रावळ्या आल्या. वाढपी आमटी घेऊन आला, श्रीपतीनं पानावर आडवा हात धरला. वांग्याची भाजी आली, तिलाही हात आडवा. पुरी, लोणचं, पापड, सगळं पुढं गेलं.

"काय रं?" मोहनराव घाबरले. "राग हाय अजून?"

"राग कसला? पथ्य हाय. डाळ न्हाय, मीठ न्हाय, पाणी अर्धा ग्लास," श्रीपती म्हणाला. "एकोणचाळीस वर्षांनी पान मिळालं, तर आता त्याच्यावर वाढायला काय न्हाय."

मोहनरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मग मीबी न्हाय जेवत."

"गप जेव. खाली ताटात बघून जेव. तुला सवय हाय."

मोहनरावांनी खाली मान घातली आणि जेवू लागले. शेजारी श्रीपती मांडी घालून, रिकाम्या पानापुढं, निवांत बसला होता.

पंगत अर्ध्यावर आली. मागं दुसरी पंगत ताटकळत उभी होती. आचाऱ्याचा माणूस रांगेवरून नजर फिरवत आला, श्रीपतीचं कोरं पान बघून थांबला आणि अदबीनं वाकून म्हणाला, "बाबा, तुमचं झालं असंल तर उठता का? मागं माणसं थांबल्यात."

"हितंच बसू द्या!"

मोहनराव एवढ्या जोरात ओरडले की त्या माणसाच्या हातातली पळी खाली पडली. सगळी पंगत वळून बघायला लागली. बिचाऱ्यानं त्यांचं काहीच वाईट केलं नव्हतं. तो पुरंदरकडचा होता, त्याला ना लग्न माहीत होतं, ना भाषण त्यानं ऐकलं होतं. "बसा की मालक, मी कुठं काय म्हणलो," असं पुटपुटत तो पळी उचलून गेला.

श्रीपती हसला. मग हसता हसता त्यानं खिशाचं पेन काढलं. अडतीस वर्षांची सवय, पेनाशिवाय तो कधी बाहेर पडला नव्हता. "वही कुठाय तुझी? तुझं पान कोरं हाय न्हवं?"

मोहनरावांनी बंडीच्या खिशातून वहीचं शेवटचं, फाडून आणलेलं पान काढून दिलं. भाषण त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. श्रीपतीनं पान मांडीवर ठेवून मोहनरावांच्या नावाखाली एक ओळ लिहिली, हातानं झाकून, परीक्षेतल्यासारखी. मग पानाची घडी घातली.

"काय लिवलंस?"

"मेल्यावर कळंल."

"आन मग मला कसं ऐकू यायचं?"

"आता कसं!" श्रीपती म्हणाला. "एकोणचाळीस वर्षं मी थांबलो. तू बी थांब जरा."

प्रयागबाई बुंदी वाढत तिथवर आल्या होत्या. त्यांनी श्रीपतीच्या कोऱ्या पानावर बुंदीचे चार दाणे ठेवले. "भावजी, एवढं चालतंय. ज्योत्स्नाला इचारलंय मी."

श्रीपतीनं ते एकेक करून तोंडात टाकले. मग घडी त्यांच्यापुढं धरली. "वहिनी, हे ह्याच्या दहाव्याला वाचा. कावळा शिवला न्हाय तर मला सांगा."

प्रयागबाई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. बुंदीचं पातेलं कमरेवर घेऊन त्यांनी ती ओळ सावकाश, ओठ हलवत वाचली. पदरानं डोळे पुसले. घडी परत घालून कमरेला खोचली.

"काय लिवलंय गं?" मोहनरावांनी विचारलं.

"आधी जेवून घ्या. भात घेता का?" प्रयागबाई म्हणाल्या आणि पुढं सरकल्या.